उलगडता येईल तोच दिवा

प्रस्तावना

नांदेड-लातूरकडच्या घरात जमिनीवर उभा राहणारा शोभेचा दिवा दोन वाटांनी येतो. एक वाट रुखवताची आणि वास्तुशांतीच्या आहेराची. त्या वाटेने पितळी समई येते. दुसरी फर्निचरच्या दुकानाची. तिथून सोफ्याशेजारी ठेवायचा, कापडी छत्रीचा विजेचा उभा दिवा येतो. दोन्ही घेताना बहुतेक घरांत एकच गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे दिवा दिसतो कसा. घरी आल्यावर सहा महिन्यांत समईला हिरवट डाग पडतात, विजेच्या दिव्याची छत्री धुळीने काळवंडते, आणि मग दोघांची रवानगी माळ्यावर होते. या पुस्तिकेचे म्हणणे असे की दिवा निवडण्याची सुरुवातच उलट्या बाजूने करावी. ज्याची निगा घरच्या घरी, घरातल्या माणसांच्या हातून राखता येईल, तोच दिवा घ्यावा. रूप त्यानंतर पाहावे. पुढच्या प्रकरणांत समईविषयी पुष्कळ आणि विजेच्या दिव्याविषयी कमी मजकूर आहे, त्यालाही कारण आहे. खोलून, धुऊन, पुन्हा जोडायचा दिवा कसा असावा याचा विचार समई घडवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. विजेचा दिवा घेतानाही कसोटी तीच लावायची आहे.

दिवा जमिनीवर का उभा राहिला, हे आधी पाहू. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना दगडमातीच्या जाडजूड भिंती असत आणि त्या भिंतींतच देवळ्या आणि कोनाडे काढलेले असत. पणतीला, चिमणीला तिथे हक्काची जागा होती. लाकडी तुळईला कडी असे, तिला लामणदिवा टांगता येई. म्हणजे घराची बांधणीच दिव्याला धरून ठेवत होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे नव्या जागी वसवावी लागली आणि दगडमातीच्या जड भिंतींची, माळवदाची धास्ती लोकांच्या मनात कायमची बसली. बाकीच्या गावांत आणि शहरांत सिमेंटची घरे येतच होती. सिमेंटच्या नऊ इंची किंवा त्याहून पातळ भिंतीत देवळी निघत नाही, स्लॅबला आयती कडी नसते. तेव्हा जुन्या घरातून नव्या घरात जसाच्या तसा नेता येईल असा दिवा उरला तो स्वतःच्या पायावर उभा राहणारा. म्हणून समई निवडताना नजर आधी तिच्या बैठकीवर जायला हवी. लोकांचे लक्ष मात्र वरच्या मोराकडे किंवा हंसाकडे जाते.

समईचे भाग मोजके आहेत: खाली बैठक, मधे दांडा, त्यावर चोची काढलेली तेलाची वाटी आणि वर कळस. उंच समईचा दांडा दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि सगळे भाग आट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात. दुकानात समई उभी पाहून विकत घेऊ नये. ती तिथेच, दुकानदारासमोर, पूर्ण उलगडावी. प्रत्येक आटा हाताने सुटला पाहिजे आणि हातानेच शेवटपर्यंत बसला पाहिजे. पक्कड लागत असेल तर ती समई घरी कधीच उलगडली जाणार नाही, आणि न उलगडलेल्या समईच्या सांध्यात तेल मुरून तिथूनच हिरवा थर वर चढतो. जोडल्यावर तिला एका बोटाने जरा कलंडवून सोडावे. ती डुलून पुन्हा सरळ व्हायला हवी. बैठकीचा व्यास उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असेल तर माझ्या मते ती समई घेऊ नये, कारण तेल भरल्यावर वजन वर जाते आणि तोल आणखी बिघडतो. शेवटी वाटीत पाणी ओतावे. पाचही चोचींच्या मुळाशी पाणी एकाच वेळी पोचले तर वाटी समतल आहे. एका चोचीशी पाणी काठाला टेकते आणि समोरची कोरडी राहते, असे झाले तर घरी त्या एका वातीखाली तेल ठिबकेल आणि समोरची वात जळून कोळसा होईल. ही परीक्षा करायला पेलाभर पाणी पुरते. तरी ती करणारे गिऱ्हाईक विरळा.

धातूची पारख त्याहून सोपी आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेली समई दिसायला तितकीच पिवळी असते, पण चुंबक लगेच चिकटतो. अशा समईचा मुलामा आधी आट्यांत घासला जातो, तिथे गंज धरतो आणि मग आटा फिरायचा थांबतो. बैठक उलटी करून पाहावी. ओतीव बैठक आतूनही धातूचीच दिसते. पत्र्याच्या बैठकीत वजन वाढवण्यासाठी भराव घातलेला असतो. समई किलोच्या भावाने मिळते, तेव्हा भरावाचे पैसे पितळेच्या दराने का मोजायचे? ओतीव समईला आणखी एक गोष्ट बांधून येते, ती म्हणजे मोड. तीस वर्षांनी ती मोडीत घातली तरी पितळेचा भाव हाती येतो आणि तोच धातू पुन्हा भट्टीत जातो. मुलाम्याच्या लोखंडाला किंवा चकचकीत प्लॅस्टिकला ही सोय नाही.

इथे कोणी विचारील, आपल्या भागात पितळी वस्तू घडवणारे हात असताना बाहेरची समई का घ्यावी? लातूरचा अडकित्ता नावाजलेला आहे, कासारांच्या दुकानांच्या ओळी गावोगावच्या बाजारात होत्या, काही अजून आहेत. हे खरे असले तरी आज दुकानात दिसणारा बराचसा माल उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा असतो. तमिळनाडूतल्या नाचियारकोविलच्या उभ्या दिव्यांना तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि गोव्या-कोकणातल्या समयांचा घाट वेगळाच देखणा. माल कुठला, यावर मी अडून बसणार नाही. मात्र एक आटा झिजला, एक चोच चेपली, तर ती दुरुस्त करणारा माणूस नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारात सापडतो का, हे समई घेण्याआधी विचारावे. इथल्या कासाराकडून घेतलेली समई त्याच्याच दुकानात पुन्हा नेता येते. कुरिअरने आलेल्या समईची गोष्ट तशी नाही. स्थानिक कारागिराकडून घेण्याचे मला पटणारे कारण हेच आहे.

निगेचा विषय निघाला की लोक चिंच-लिंबावर येतात. खरे तर निगा तेलापासून सुरू होते. हा भाग तेलबियांचा. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, परभणीचे कृषी विद्यापीठ करडईचे वाण देत आले आहे, आणि करडई, जवस, तीळ, भुईमूग ही नावे इथल्या शेतकऱ्याला पाठ आहेत. ही चारही तेले जळतात, पण समईवर वागतात वेगवेगळी. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. चित्रकार रंग त्याच तेलात खलतात ते याच गुणासाठी. करडईच्या नेहमीच्या तेलातही लिनोलिक आम्ल फार मोठ्या प्रमाणात असल्याने तेही हळूहळू तसेच वाळते. वाटीच्या काठाला, चोचीच्या टोकाला जो तपकिरी, चिकट, नखाने न निघणारा थर बसतो तो मळ नव्हे. ते वाळून वार्निश झालेले तेल आहे. चिंचेने ते निघत नाही, कारण चिंच धातूवरचा डाग काढते, तेल काढत नाही. त्याला कढत पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, तिळाचे फार सावकाश वाळते. एरंडेल दाट असल्याने वात ते हळू ओढते आणि दिवा जास्त वेळ टिकतो. रोजच्या समईला तीळ किंवा शेंगदाणा, आणि ती जास्त वेळ तेवत ठेवायची असेल तर त्यात थोडे एरंडेल, असे माझे मत आहे. करडई आणि जवस स्वयंपाकघरात ठेवावीत. तिथे त्यांचे गुण अधिक कामी येतात.

तेलाची दुसरी खोड हिरव्या रंगाची आहे. तेल शिळे झाले की त्यात आम्ले तयार होतात, ती पितळेतल्या तांब्याला लागतात आणि वाटीच्या तळाशी हिरवट साय धरते. तांब्याच्या सहवासात तेल लवकर खवट होते, म्हणजे दोन्ही एकमेकांना बिघडवतात. सणाला लावलेली समई तेलासकट आठवडाभर तशीच ठेवणे, याइतके पितळेला घातक दुसरे काही नाही. दिवा शांत केला, वाटी निवली, की उरलेले तेल काढून घ्यावे आणि वाटी जुन्या सुती कापडाने कोरडी पुसावी. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि पुढची अर्ध्या तासाची घासाघीस त्याने वाचते.

वातीची गोष्ट नांदेडच्या माणसाला सांगायला नको, असे वाटते, पण सांगावी लागते. इथल्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड 44’ हा संकरित वाण बीटी बियाणे येण्याआधी महाराष्ट्रभर गाजला. अशा कापसाच्या मुलखात आज वातींची पाकिटे विकत आणली जातात, आणि त्यांत कृत्रिम धाग्याची भेसळ असली तर वात जळताना वितळून टोकाला काळी गाठ होते. सरकी काढलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक पापुद्रा असतो. त्यामुळे तो पाणी चटकन शोषत नाही, तेल मात्र ओढून घेतो. औषधाच्या दुकानातला कापूस धुऊन, मेण काढून शुभ्र केलेला असतो; जखमेला तो योग्य, वातीसाठी मात्र शेतातला कापूस बरा. हाताने वळलेली वात फार घट्ट झाली तर तेल वर चढत नाही, फार सैल झाली तर ज्योत मोठी होऊन काजळी धरते. वात चोचीबाहेर जवाच्या दाण्याएवढी ठेवावी. काजळी म्हणजे पुरेशी हवा न मिळाल्याने अर्धवट जळालेले तेल. नव्या फ्लॅटमध्ये समईने छत काळे होते ही तक्रार बहुतेक वेळा वात लांब काढल्याने निर्माण झालेली असते.

आता घासणे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. ज्या भागाने असा उन्हाळा पाहिला, तिथे पितळ लखलखीत ठेवण्यासाठी बादल्या ओता असे सांगणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. आधी सुक्या कापडाने तेल टिपावे, मग चाळलेली राख सुकीच घेऊन चोळावी. राखेतला क्षार उरलेले तेल धरतो आणि तिची भुकटी धातू घासते. त्यानंतर डाग राहिलेच तर तेवढ्यापुरती चिंच किंवा लिंबू, आणि तेही एक-दोन मिनिटेच. आंबट लावून समई तासभर ठेवली की पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि पितळेवर तांबूस-गुलाबी चट्टे उठतात. ते डाग नसतात, धातूच गेलेला असतो, त्यामुळे ते कितीही पुसले तरी जात नाहीत. आंबट लावल्यावर तांब्याभर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. इथले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते पितळेवर वाळले की पांढरे ठिपके ठेवून जाते. म्हणून समई उन्हात वाळत घालण्याची सवय सोडावी आणि कापडाने पुसण्याची लावावी. आट्यांत पाणी राहू देऊ नये, आणि जोडण्याआधी त्यांना शेंगदाण्याच्या तेलाचे बोट फिरवावे.

यावर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. जुन्या धातूवर काळाने चढलेला रंग हीच त्याची शोभा, तो घासून काढणे म्हणजे वस्तूचे वय पुसणे, असे ते म्हणतात. या आक्षेपाचे उत्तर सीमेपलीकडे, उदगीरहून जवळच असलेल्या बीदरला मिळते. बिदरी कामाचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात तांबे थोडे. त्यावर चांदीची नक्षी भरतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने पार्श्वभूमी काळी करतात. तो काळा रंग कारागिराने मुद्दाम दिलेला आहे. त्याला चिंच लावली तर कलाच पुसली जाईल. तिथे मऊ कोरड्या कापडाखेरीज काही नको. समईचे तसे नाही. तिच्या घडवणाऱ्याने ती चकाकत ठेवूनच तुमच्या हाती दिली, कारण चकाकत्या पितळेवरून ज्योतीचा उजेड परततो. वापरातल्या समईवरचा काळा-हिरवा थर कोणी योजलेला नाही, तो दुर्लक्षाचा आहे. मात्र जी समई आता वापरात नाही, पणजीच्या काळची आहे, जिच्यावर अक्षरे किंवा बारीक कोरीव काम आहे, तिच्या बाबतीत मी जाणकारांच्या बाजूने आहे. अशी समई फक्त पुसावी. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेले दिवे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. त्या दिव्यांच्या घाटाघाटातले वेगळेपण पाहिले की आपल्या घरच्या जुन्या दिव्याला ड्रिलने भोक पाडून त्यातून वायर ओढण्याचा विचार कोणी करणार नाही. विजेसाठी नवा दिवा घ्यावा, जुना छिद्रू नये.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ही सारी निगा कोण करते? आजवर ती घरातल्या बायकांनी केली, आणि सणाच्या आदल्या दुपारी चिंच घेऊन मोरीत बसणे त्यांच्या वाट्याला आले. हा आक्षेप खरा आहे. त्याला परंपरेचे उत्तर देऊन भागणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून समई काढून टाकली तर तिच्या जागी जे येते तेही पुसावेच लागते. उपाय दोन आहेत. घरात पाच समया असतील तर दोन ठेवाव्यात, बाकीच्या मुलाबाळांना द्याव्यात. आणि जी ठेवायची ती हाताने उलगडणारी असावी, म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलालाही ती खोलून पुसता येईल. आषाढातल्या दिव्यांच्या आवसेला घरातले सगळे दिवे बाहेर काढून, घासून, पाटावर मांडून पूजण्याची रीत आहे. पावसाळी दमट हवेत पितळ सर्वांत लवकर काळवंडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्षातून एकदा प्रत्येक दिवा हाताखालून जावा अशी ही योजना आहे. हा दिवस आता अनेकांना गटारी म्हणूनच ठाऊक आहे, याचे मला वाईट वाटते. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते. गोदावरीचे पाणी घागरींनी आणले जाते, तिथली शस्त्रे धुऊन स्वच्छ केली जातात, आणि त्या सेवेत लहानथोर सगळे असतात. धातूची वार्षिक निगा हा सगळ्यांच्या हाताचा सोहळा होऊ शकतो, याचा दाखला नांदेडकरांना दूर शोधायला नको.

लॅकर मारलेली समई घेतली तर घासायलाच नको, असेही दुकानात सांगतात. लॅकर हा पारदर्शक लेप हवेपासून पितळेला वाचवतो हे बरोबर, पण ज्योतीच्या उष्णतेने तो चोचीपाशी तपकिरी होऊन सुटतो, आणि सुटलेल्या कडेखालून डाग आत सरकत जातो. जी कधीच लावायची नाही अशा समईला तो ठीक. रोज लावायची समई बिनलॅकरचीच घ्यावी.

विजेच्या उभ्या दिव्याला हीच मोजपट्टी लावू. त्याचा बल्ब घरी बदलता येतो का? ज्यात एलईडी कायमचा बसवलेला असतो, तो एकदा गेला की अख्खा दिवा भंगारात जातो. आपल्याकडच्या कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजमध्ये तो लवकर जाण्याची भीती अधिक. साध्या होल्डरचा दिवा घ्यावा, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला बल्ब त्याला चालतो. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब बैठकीच्या खोलीला बरा. छत्री काढून धुता येते का, हे पाहावे, कारण मार्च ते जूनची इथली धूळ कोणत्याही कापडाला सोडत नाही. अंग धातूचे असेल तर तीन पिनांचा प्लग आणि घरात खरोखरीचे अर्थिंग हवे. ही गोष्ट शोभेच्या आधी येते. वायर चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नये. बाकी बैठकीची, तोलाची परीक्षा समईसारखीच.

आग आणि लहान मुले यांचा धाक घालून समई नकोच म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे की पडदा, पंखा आणि रांगते मूल यांच्यापासून दूर, भिंतीपासून हातभर पुढे आणि ताटलीत ठेवलेली रुंद बैठकीची समई सुरक्षित असते. घरात कोणी जागे नसताना मात्र ती तेवती ठेवू नये. विजेवर मिणमिणणाऱ्या नकली समया याला पर्याय म्हणून विकल्या जातात. त्यांचे आतले सर्किट बिघडले तर बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही, म्हणून या पुस्तिकेत त्यांचा विचार केलेला नाही.

वाचकांना विनंती एकच. समई घ्यायला जाताना खिशात एक चुंबक आणि एक सुती फडके ठेवा, दुकानात पेलाभर पाणी मागा, आणि दुकानदाराला समई तुमच्यासमोर पूर्ण उलगडायला सांगा. तो नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.